अकरा खेपांची झोप

जूनच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी पाऊण वाजता, तळ्याकाठच्या नृत्यमंडपात त्रेचाळीस माणसं होती. बायका अठ्ठावीस, पुरुष अकरा, वाजवणारे तीन आणि दारात छाती काढून उभे असलेले हुत्तुनेनकाका. कॉफीच्या किटल्या दोन. दालचिनीचे पाव शहात्तर. साठीच्या आतली माणसं फक्त दोन, आणि त्यातली एक झोपली होती.

ती सायमी. वय सव्वीस. बायकांच्या बाकावर दोन आज्यांच्या मधोमध, पाठ ताठ, हात मांडीवर, नाचाचे बूट व्यवस्थित जुळवलेले... आणि गाढ झोप.

साठीच्या आतला दुसरा तिच्यासमोर वाकून उभा होता. पुरुषांच्या बाकापासून इथपर्यंत सबंध मंडप चालत यायचं, बाईपुढे वाकायचं आणि ती उठेपर्यंत तसंच थांबायचं अशी इथली रीत. ती उठली नाही तर मान खाली घालून तेवढंच अंतर सगळ्यांच्या देखत परत तोडायचं. इल्मारी रौतिओला वाकून चांगलं अर्धं मिनिट झालं होतं.

"मावशी," तो वाकल्या वाकल्याच कुजबुजला, "ही नाही म्हणतेय की कसं?"

सायमीच्या उजव्या हाताला बसलेली आल्मा मावशी ही त्याच्या आईची थोरली बहीण. तिनेच त्याला ओढून आणलं होतं, कारण मंडपात पुरुष कमी पडत होते.

"नाही म्हणायला जागं असावं लागतं," मावशी म्हणाली. "पुन्हा वाक. जरा आवाज करून वाक."

"आवाज करून कसं वाकतात?"

"आमचे हे वाकायचे तेव्हा गुडघे वाजायचे."

इल्मारीने घसा खाकरला. सायमीने डोळे उघडले. समोर एक वाकलेलं डोकं, गव्हाळ केस, भोवऱ्यापाशी एक बट उभी. झोपेतून उठल्यावर पहिले काही क्षण तिला स्वप्न कुठलं आणि खरं कुठलं ते नीट कळायचं नाही. मागच्या आठवड्यात दुग्धशाळेच्या प्रयोगशाळेत तिने दुधाच्या नोंदवहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'चरबी ४.३ टक्के, नंतर घोडा आला.' तेव्हापासून ती आधी तपासायची. तिने बट निरखली. बट खरी होती. ती उठली.

टँगो सुरू झाला. आधीच्या सरीचं पाणी पत्र्यावरून टपकत होतं, खिडकीतून ओल्या बर्चच्या झाडांचा वास येत होता. तो बरा नाचायचा, म्हणजे पाय सांभाळून, डावा हात जरा जास्त वर धरून. बोलत मात्र नव्हता. पहिलं गाणं संपलं, दोघं रीतीप्रमाणे जागेवरच थांबली. कारण नाच म्हणजे दोन गाणी. एकाच गाण्यानंतर 'आभारी आहे' म्हणणं म्हणजे भर मंडपात थोबाडीत मारणं.

"तुम्ही बोलत नाही का?" सायमीने विचारलं.

"पहिल्या गाण्यात बोलायचं नसतं. मावशीने बजावलंय."

"आणि दुसऱ्यात?"

"दुसऱ्यात हवापाण्यावर." दुसरं गाणं सुरू झालं. चार पावलं तो विचार करत राहिला. मग अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आज हवा आहे. म्हणजे असावी... जबाबदारी मी घेत नाही."

सायमी पश्चिम किनाऱ्याकडची. तिथली जमीन सपाट आणि माणसंही तशीच, विचारलं की सांगणारी. सावोच्या या तळ्यांच्या मुलखात येऊन तिला जेमतेम दीड महिना झाला होता आणि इथल्या माणसांची ही सरळ काही न बोलण्याची तऱ्हा तिला अजून अंगवळणी पडली नव्हती. तिला हसू आलं. आधी गाल सैल झाले, मग मान, आणि मग गुडघे गेले.

इल्मारीने तिला सावरायचा प्रयत्न केला, पण धरू कुठे आणि सोडू कुठे हे ठरेपर्यंत ती त्याच्या पायाशी घडी होऊन बसली होती. बाजा थांबला. हुत्तुनेनकाका तरातरा आले. निवृत्त स्टेशनमास्तर, मंडपसमितीचे अध्यक्ष, चाळीस वर्षांत एकही गाडी वेळेआधी न सोडलेले.

"दुपारचा एक वाजलाय!" ते गरजले. "आणि हा बिनदारूचा मंडप आहे!"

सायमीला सगळं ऐकू येत होतं. डोकं लख्ख जागं होतं. तिला सांगायचं होतं, 'मी पूर्ण शुद्धीत आहे.' तोंडातून निघालं, "म्मीपूशु..."

"बघा," काका म्हणाले.

"एवढी तरणीताठी पोर," आल्मा मावशी हळहळली. "आणि माझ्या शेजारी बसून वास कसा नाही आला मला?"

एक मिनिट पाच सेकंदांनी सायमी उठून उभी राहिली. काकांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. दारू पिऊन येणाऱ्यास हंगाम संपेपर्यंत प्रवेश नाही. हंगाम ऑगस्टअखेर संपायचा. तिने कोट घेतला आणि ती निघून गेली.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मला नार्कोलेप्सी आहे, दिवसभर झोप येते आणि हसले की स्नायू सैल पडतात. पण हे वाक्य तिने एकदा वाल्तेरीला सांगितलं होतं. वाल्तेरी आगीच्या घंटा बसवायचा, भला माणूस होता. चार वर्षं दोघं एकत्र राहिली आणि आपलं प्रत्येक पडणं ती टिपायची त्या वहीत चार वर्षांत नोंद होती शून्य. कारण वाल्तेरीने चार वर्षांत हसण्यासारखं काही केलंच नाही. घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला त्याने स्पंज चिकटवला. मित्र घरी आले की दारातच त्यांना हळू आवाजात सूचना द्यायचा. शेवटी सायमीला वाटायला लागलं की आपण बाई नसून काचेचं भांडं आहोत. फेब्रुवारीत तिने ते घर सोडलं आणि मनाशी दोन गोष्टी ठरवल्या. आजाराचं कुणाला सांगायचं नाही, आणि कुणापुढे पडायची वेळ नको म्हणून विनोदी पुरुषांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. तिला दारुडी म्हटलेलं चाललं असतं. दारुड्यांशी निदान कुणी कुजबुजत बोलत नाही.

पण रविवार गेला याचं दुःख मोठं होतं. तिचा सगळा आठवडा झोपेशी वाटाघाटी करण्यात जायचा. सकाळची गोळी, घड्याळांचे तीन गजर, दहा चाळीसला आणि दोन वीसला प्रयोगशाळेच्या कोठारात आरामखुर्चीवर वीस-वीस मिनिटांची डुलकी. जेवण उभ्याने, कारण बसून जेवलं की सूपमध्ये नाक. एवढं करूनही दिवस हातातून निसटायचा. फक्त नाचत असताना, पाय चालू असेपर्यंत, ती सलग जागी असायची. आठवड्यातले तेवढे चार तास तिचे होते.

गुरुवारी सव्वाचारला ती घरी जायला निघाली. घर सामुद्रधुनीइतक्या रुंद वाटणाऱ्या पाण्यापलीकडे, पण दोराने ओढली जाणारी पिवळी फेरीबोट चार मिनिटांत पोचवायची. सायमी कठड्याजवळच्या बाकावर टेकली. दोराची घरघर, पाण्यावर ऊन... चार मिनिटं जागं राहायचं, एवढंच.

जाग आली तेव्हा अंगावर डिझेलच्या वासाचं एक नारिंगी जाकीट होतं.

"अकरा," कुणीतरी म्हणालं.

चालकाच्या खोलीच्या दारात ती उभी बट होती.

"अकरा काय?"

"खेपा. सव्वाचारला बसलात, आता साडेपाच झाले. अकरा ही विषम संख्या, म्हणजे आपण तुमच्या बाजूला आहोत. दहाव्या खेपेला उठला असतात तर पंचाईत होती." याच आठवड्यात त्याची पाळी दुपारची झाली होती.

"मला उठवलं का नाही?"

इल्मारीने टोपी मागे सरकवली. "उठवण्याचा विचार होता. म्हणजे विचार करायला हरकत नव्हती. पण झोपलेल्याला उठवलं की तो जागा होतो, असा अनुभव आहे."

सायमीने दात घट्ट दाबून धरले. गाल सैल पडायला लागले होते. तिने घाईघाईने दुधाच्या टाक्यांचा विचार केला.

"तुम्ही प्यायला नव्हतात त्या दिवशी," तो मधेच, वेगळ्या आवाजात म्हणाला. "मी जवळ होतो ना. तुमच्या श्वासाला दालचिनीचा वास होता... मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, दालचिनीने गुडघे जात नाहीत."

सायमीने पाण्यावर येऊन बसलेल्या एका बदकाकडे बघितलं. मग तिने आपलं पहिलं धोरण मोडलं आणि प्रयोगाचा अहवाल द्यावा तसं सांगितलं. "झोपेचा आजार आहे. जोरात हसू आलं की अंग सैल पडतं. वीस सेकंदांपासून दोन-अडीच मिनिटांपर्यंत. तेवढ्या वेळात सगळं ऐकू येतं, बोलता येत नाही. फेफरं नाही, चक्कर नाही. दया नको. आणि कुणाला सांगायचं नाही."

"लागतं का?"

"जमीन कशी आहे त्यावर."

"मग मी विनोद करायचे नाहीत म्हणता?"

"विनोदी पुरुष मी टाळते."

"मी कुठे विनोदी?" तो मनापासून दुखावला. "सव्वाचारशे मीटर जातो आणि सव्वाचारशे मीटर परत येतो. सहा वर्षं झाली. अजून कुठे पोचलो नाही."

त्या दिवशीच्या नोंदीत लिहिलं आहे: सायंकाळी पाच चाळीस, लोखंडी जमीन, अठ्ठेचाळीस सेकंद, जखम नाही, जाकीट खाली अंथरलेलं होतं.

नंतर रोज सव्वाचारला ती बाकावर यायची. कधी तीन खेपा झोपायची, कधी पाच. तो विषम आकडा पाहून हाक मारायचा. 'तुम्ही'चं 'तू' कोणत्या खेपेला झालं याची नोंद कुणी ठेवली नाही. इल्मारी रुक्ष बोलायचा प्रामाणिक प्रयत्न करायचा.

"हा दोर बत्तीस मिलिमीटर जाड आहे," एकदा तो म्हणाला.

"छान. असंच बोलत जा."

"गेल्या वर्षी बदलला."

"हं."

"आधीचाही बत्तीसच होता."

सदतीस सेकंद.

"अगं, यात हसण्यासारखं काय होतं?" तिला अलगद खाली टेकवत तो काकुळतीला आला. तोवर त्याला खूण कळायला लागली होती. आधी डावा गाल सैल होतो, मग दोन सेकंद हातात असतात. एक हात कोपराखाली, एक पाठीशी, आणि पुढे 'अगं बाई' वगैरे काही न म्हणता शेजारी बसून राहायचं. बोटीवरचे लोक बघायचे. तो त्यांना हात करायचा.

एका संध्याकाळी वही चाळताना सायमीच्या लक्षात आलं की पाच आठवड्यांत ती सतरा वेळा पडली होती, आणि तो आकडा ती दुसऱ्यांदा मोजत होती. उगीचच. आकडा बरोबर आहे हे पहिल्यांदाच कळलं होतं. तिने वही मिटली. हे धोरणात बसत नव्हतं.

आणि मग जुलैतल्या एका शुक्रवारी प्रयोगशाळेत फोन वाजला.

"सायमीबाई," पलीकडून कुणीतरी आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तसं कुजबुजलं, "मी हुत्तुनेन. आम्हाला सगळं समजलंय. समितीने बंदी मागे घेतली आहे. रविवारी या... पण सावकाश या हं. आम्ही सगळी खबरदारी घेतली आहे."

सायमीने फोन ठेवला. तिचे कान तापले. त्याने सांगितलं. ज्याच्यापुढे सतरा वेळा पडले, त्याने सांगितलं. आता त्रेचाळीस माणसं कुजबुजणार, पुन्हा स्पंज, पुन्हा काचेचं भांडं. त्या संध्याकाळी ती फेरीबोटीवर गेलीच नाही. बारा किलोमीटरचा वळसा घालून बसने घरी निघाली, शेवटच्या थांब्यापर्यंत झोपून गेली आणि तिथून मागे आली.

रविवारी ती मंडपात गेली ती भांडायला. नाचाचे बूट घातले होते, ते केवळ सवयीने.

दारावर नवी पाटी होती. 'विनोद, गुदगुल्या व अचानक आनंदाच्या बातम्या टाळाव्यात. – समिती.'

आत शाळेतून आणलेल्या व्यायामाच्या गाद्या सात ठिकाणी अंथरलेल्या होत्या. खांबांना लोकरीच्या शाली गुंडाळल्या होत्या. टँगोला इथे कुणी हसत नाहीच, पण आज सगळ्यांनी आपापल्या घरून मयताला जायचे चेहरे आणले होते. कोपऱ्यात बसलेले एइनो आजोबा, ज्यांना पंचाहत्तर वर्षांत गप्प बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, ते दोन बोटांनी स्वतःचे ओठ धरून बसले होते. हुत्तुनेनकाकांनी चवड्यांवर चालत येऊन तिला कॉफी दिली. बशी वाजू नये म्हणून खाली रुमाल.

ॲकॉर्डियनवाल्याने कागद वर धरला आणि सपाट आवाजात वाचलं, "पुढचं गाणं दुःखी आहे. त्याच्या पुढचंही."

भिंतीवरचा लाल दिवा लागला. आता बायकांनी निवडायचं, पुरुषांनी नाही म्हणायचं नाही. सायमी गाद्यांना वळसे घालत सरळ इल्मारीसमोर जाऊन उभी राहिली. तो उठला. ती त्याचा हात धरून त्याला मधोमध घेऊन आली.

"सांगितलंस," ती पहिल्याच पावलाला म्हणाली. पहिल्या गाण्यात बोलायचं नसतं हे आज तिने बाजूला ठेवलं.

"सांगितलं."

"तुला एकच गोष्ट सांगू नको म्हटलं होतं."

"मावशीने विचारलं, त्या मुलीला काय आहे? असं सरळ. डोळ्यात बघून. सायमी, आमच्याकडे कुणी सरळ विचारत नाही गं. मला सवयच नव्हती... तोंडातून निघून गेलं. चूक माझी."

"आता बघ! हे सगळे... मी म्हणजे जणू मेणाची बाहुली! आणि या गाद्या?"

"गाद्या ही त्यांची कल्पना." तो खाली मान घालून म्हणाला. "मी त्यांना म्हटलं होतं, चार पुरेत."

सायमी रागात होती. खरोखरच रागात होती. पण तिची नजर एइनो आजोबांवर गेली, त्यांनी आता दोन बोटांच्या जागी अख्खी मूठ तोंडात घातली होती. डावा गाल गेला. इल्मारीने कोपराखाली हात घातला, पाठीशी हात घातला आणि तिला अलगद खाली टेकवलं. बरोबर तिसऱ्या आणि चौथ्या गादीच्या मधे, उघड्या लाकडी जमिनीवर.

काकांनी स्टेशनची शिट्टी फुंकली. बाजा थांबला.

"अरे देवा," आल्मा मावशी ओरडली, "सात अंथरल्या आणि नेमकी गादी चुकली!"

आधी एइनो आजोबा फुटले. मग बायकांचा बाक, मग वाजवणारे. काका 'शांतता! शांतता!' म्हणता म्हणता खांबाला धरून, शालीत तोंड खुपसून हसायला लागले. सायमी जमिनीवर पडून सगळं ऐकत होती. चाळीस-बेचाळीस माणसं पोट धरून हसत होती आणि त्यातलं एकही कुजबुजत नव्हतं. तिला आणखीच हसू आलं. त्यामुळे उठणं आणखी लांबलं.

इल्मारी तिच्या शेजारी मांडी घालून बसला.

"तुला ऐकू येतंय हे मला माहीत आहे," तो म्हणाला. हसू हळूहळू ओसरलं. "मी सांगायला नको होतं. पुन्हा कुणी विचारलं तर तुला विचार म्हणेन. पण एक सांगतो... मी तुला जपणार नाही. म्हणजे पडताना धरेन. धरता नाही आलं तर असा शेजारी बसेन. टेबलांचे कोपरे आहेत तसेच राहतील. मी तोंडाला येईल ते बोलेन, कारण दुसरं मला येत नाही." त्याने श्वास घेतला. "सायमी, मला तू आवडतेस. झोपतेस तेव्हाही, उठतेस तेव्हाही. तुला मी आवडतो का? हो की नाही?"

सावोच्या माणसाने चारचौघांत सरळ प्रश्न विचारला होता. दोन बायकांनी बाकाची कड धरली.

सायमीचं उत्तर तयार होतं. पहिल्या शब्दापासून तयार होतं. जीभ तेवढी तयार नव्हती. तिने पापणी हलवायचा प्रयत्न केला, ती अर्ध्यावर अडली. छातीत काहीतरी एवढं भरून आलं होतं की हसू नसतानाही अंग पुन्हा पाण्यासारखं झालं.

"नाही म्हणालीस तरी हरकत नाही," इल्मारी घाबरून म्हणाला. "रीतीप्रमाणे बाकापर्यंत पोचवीन. म्हणजे तू चालू शकलीस तर. नाहीतर बाक इथे आणू."

जे जरा परत येत होतं ते पुन्हा गेलं.

"गप्प बस रे मेल्या!" आल्मा मावशी कडाडली. "तिला उठू दे आधी!"

इल्मारी गप्प बसला. त्रेचाळीस माणसांच्या मंडपात कॉफीच्या किटलीची शिट्टी तेवढी ऐकू येत होती, तीही कुणीतरी जाऊन बंद केली. सायमीचं बोट हललं. मग मनगट. मग तिचा हात लाकडी जमिनीवरून हळूहळू सरकत त्याच्या गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला.

"हो," ती म्हणाली.

मंडपातल्या घड्याळाप्रमाणे प्रश्नापासून उत्तरापर्यंत दोन मिनिटं अठरा सेकंद लागले.